बाईंची डुलकी

रणदिवेबाई बैठकीत झोपायच्या. चोरून नाही, चांगल्या सगळ्यांच्या देखत, सतरंजीवर मांडी घालून आणि भिंतीला पाठ टेकून. चष्मा नाकावरून घसरून गळ्यातल्या दोरीला लोंबकळायचा, हनुवटी छातीला टेकायची, तोंडातली लवंग एका गालात थांबून राहायची. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, झालं कल्याण! ज्यांच्या हाताखाली नेतृत्व शिकायला आलो, त्याच पेंगतायत.

बाई जाऊन आता वर्ष होत आलं. सुप्याच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी त्यांनी जवळच्या गावात सुरू केलेलं पाळणाघर रोज सकाळी उघडतं. पोरं रडतात, हसतात, खिचडी सांडतात, एकमेकांचे केस ओढतात. सगळं सुरळीत चाललं आहे, आणि सगळं सुरळीत चाललं की मला बाईंची फार आठवण येते. अडचणीत माणूस आठवतं ते समजण्यासारखं आहे. पण काहीच अडलेलं नसताना ज्या माणसावाचून करमत नाही, त्याचं काय करायचं हे मला अजून उमगलेलं नाही.

मी मूळचा श्रीगोंद्याचा. वडील साखर कारखान्यात होते. मला समाजकार्याची पदवी मिळाली तेव्हा त्यांनी भावकीत पेढे वाटले, पण कोणी विचारलं, "मंग आता पोरगा करनार काय?" तर पेढ्याचा बॉक्स पुढं करून विषय बदलायचे. मला मात्र काय करायचं ते पक्कं ठाऊक होतं. एखाद्या मोठ्या संस्थेचा संचालक व्हायचं, काचेच्या केबिनमध्ये बसायचं, परिषदांमध्ये बोलायचं. त्याची सुरुवात म्हणून सुप्यासारख्या ठिकाणी दोन-तीन वर्षं काढावीत असा हिशेब होता. मुलाखत झाली ती बाईंच्या भाड्याच्या खोलीत.

"मोरे, तुम्हाला पुढं काय व्हायचंय?"

"सामाजिक क्षेत्रात नेतृत्व करायचंय," मी पाठ केलेलं उत्तर दिलं.

"वा! मग ती कोपऱ्यातली सतरंजी घ्या. बायका येतीलच आता."

मला वाटलं, बाई थट्टा करतायत. म्हणून मी हसलो. बाई हसल्या नाहीत; त्यांनी सतरंजीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरलं. आपल्याकडे सतरंज्या उचलण्यात कार्यकर्त्याचा जन्म जातो आणि नेता येऊन वर बसतो. बाईंच्या संस्थेत उलटा कायदा होता. जो प्रमुख असेल त्यानं सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी घालायची आणि सगळे गेल्यावर झटकून, घडी करून ठेवायची. बाकीच्यांनी उशिरा आलं तरी चालायचं. बाईंची कंबर धरायची, तरी हे काम त्यांनी कोणाला करू दिलं नाही.

बाईंचं नाव सुवार्ता. श्रीरामपूरच्या ख्रिस्ती घरातल्या, वडील शाळामास्तर. नाव सुवार्ता असलं तरी सकाळी सकाळी त्यांचा फोन आला की बातमी हमखास वाईट असायची: पाण्याचा टँकर आला नाही, खिचडीची बाई आजारी आहे, आणि मोरे, तुम्ही अजून अंथरुणातच आहात. उंची बेताची, सुती साडी, पायात पांढरे कापडी बूट, मनगटावर वडलांचं मोठं घड्याळ. पर्समध्ये लवंगांची डबी. चिडल्या की लवंग दाताखाली धरायच्या, आणि त्यांचा चेहरा पाहून आता लवंग फुटणार की आपण, याचा अंदाज आम्ही बांधायचो.

संस्थेत सगळ्या महिला कार्यकर्त्यांना 'ताई' म्हणायचा रिवाज असतो. त्यांना तो पसंत नव्हता. "ताई म्हटलं की धाकट्यांनी गप ऐकायचं," त्या म्हणायच्या. "बाई म्हणा. बाईंना निदान शंका विचारता येते." 'लाभार्थी' हा शब्द कोणी उच्चारला की त्या इकडंतिकडं बघून विचारायच्या, "कुठाय हो रांग?" मी मोठ्या कष्टानं लिहिलेल्या अहवालाला त्या 'निबंध' म्हणायच्या आणि वाचून परत देताना म्हणायच्या, "छान आहे. यातल्या बायका मात्र मला कुठं भेटल्या नाहीत." कौतुकाच्या बाबतीत बाई चिक्कूच होत्या. स्वयंपाक तर असा करायच्या की पाळणाघरातली पोरंसुद्धा त्यांचा वार आला की घरून पोळी आणायची.

शनिवारी दुपारी त्या एसटीनं नगरला आणि तिथून श्रीरामपूरला जायच्या, रविवारची उपासना करून सोमवारी परतायच्या. येताना तिथल्या बेकरीची खारी आणायच्या. सोमवारचा चहा आम्ही त्या खारीसाठी अडवून ठेवायचो. पिशवी उघडता उघडता त्या आदल्या दिवशीचं भजन गुणगुणत असायच्या. सूर इतका बिनचूक चुकायचा की खारी घ्यावी की आधी कान झाकावेत, असा प्रश्न पडायचा. आता तसलीच खारी मी नगरहून घेऊन येतो. कागद उघडला की नुसतीच शांतता असते.

पण मी डुलकीचं सांगत होतो.

मी नोकरीला लागलो त्याच आठवड्यातली बैठक. दुपारपाळी सुटल्यावर बायकांना घरी सोडणारा टेम्पोवाला गावात न येता त्यांना हायवेवरच उतरवून जात होता. अंधारात तेवढं अंतर चालत यायचं. बायका तावातावानं बोलल्या, एकीला तर रडूच आलं, आणि मग सगळ्यांचे डोळे बाईंकडे वळले. आता बाई काय ते सांगतील. पाहतो तर बाईंची हनुवटी छातीला टेकलेली.

"बाई झोपल्या," पॅकिंग लाइनवर काम करणारी संगीता शेळके म्हणाली. "मंग आता?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "मंग काय! त्यांच्या भरवशावर ऱ्हायलो तर उजाडंल हितंच. उद्या समद्या जाऊ त्या टेम्पोवाल्याच्या घरी. त्याच्या आईपुढं इचारू."

त्याच्या आईपुढं! टेम्पोवाल्याच्या मालकापुढं नाही, पोलिसांपुढं नाही. दुसऱ्या दिवशी त्या खरंच गेल्या, आणि टेम्पो गावात यायला लागला. त्या दिवशी बैठक संपून बायका बाहेर पडल्या तेव्हा मी सतरंजीचं टोक धरायला वाकलो, तर बाईंनी एक डोळा उघडून विचारलं, "आईपुढं जायचं कोणाला सुचलं हो?"

"तुम्ही जाग्या होतात?"

"मी प्रमुख आहे, मोरे. मला झोप कशी लागेल?" मग गुडघ्यावर हात ठेवून उठत त्या म्हणाल्या, "माणसं प्रमुखाच्या तोंडाकडं बघतात. तोंड मिटून बसलं तर डोळ्यांत उत्तर शोधतात. म्हणून मग डोळेसुद्धा मिटायचे."

बायकांना हे पुढं कळलंच. कळल्यावरही बाईंनी डोळे मिटायचं सोडलं नाही आणि बायकांनी ठरवायचं सोडलं नाही. त्यातून एकदा गंमत झाली. पाळणाघर किती वाजता उघडावं यावर बैठक होती. पहिल्या पाळीच्या बायकांना ते भल्या पहाटे हवं होतं. थंडीत एवढ्या लवकर लेकरं बाहेर काढायला बाईंचा सक्त विरोध होता. बाई श्रीरामपूरहून तशाच अंगात कणकण घेऊन आल्या होत्या, आणि चर्चा रंगात आली तेव्हा त्या खरोखरच झोपल्या. बायकांना वाटलं, नेहमीचंच. त्या भांडल्या, त्यांचं पहाटेवर एकमत झालं, चहासुद्धा झाला. "आज बाई लईच ताणत्यात," संगीता म्हणाली. शेवटी एक रांगतं पोर बाईंच्या मांडीवर चढलं, त्यानं चष्म्याची दोरी ओढली, तरी बाई हलेनात. संगीतानं हात लावला तर अंग भट्टीसारखं तापलेलं. मग जी धावपळ उडाली ती विचारू नका.

बऱ्या होऊन आल्यावर बाईंना निर्णय कळला. "मी याला विरोध करणार होते!" त्या म्हणाल्या.

"मंग झोपल्या कशाला?" संगीतानं विचारलं.

बाईंनी लवंग दाताखाली धरली. ती सगळी थंडी त्या शाल गुंडाळून पहाटे सतरंजी घालायला हजर असायच्या, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ही हकिगत हसून सांगायच्या.

पुढं बाईंनी प्रमुखपद सोडायचं ठरवलं. कंबर आता साथ देत नव्हती. संस्थेच्या पुण्यातल्या विश्वस्तांना पदवीचा आणि इंग्रजी येणारा माणूस हवा होता, आणि अशा माणसाचं नाव मोरे असावं असं त्यांच्यापैकी दोघांचं मत होतं. खोटं कशाला बोलू, माझंही तेच मत होतं. बाईंनी नाव सुचवलं संगीता शेळकेचं. संगीताची मुलगी पाळणाघराच्या पहिल्या तुकडीतली. स्वतः संगीता दहावी झालेली, तोंडानं फटकळ, आणि बोलता बोलता भरसभेत हसू आलं की पदर तोंडात कोंबणारी.

"बाई, मला नगा यात घालू," ती म्हणाली. "इंग्रजीत मेल आला तर काय करू?"

"मोरे वाचून दाखवतील."

माझ्या नेतृत्वाची कारकीर्द अशी सुरू झाली. नंतर बाईंनी मला बाजूला घेतलं. "मोरे, तुम्हाला जायला पुणं आहे, नाशिक आहे. तुम्ही जावं, मोठं व्हावं, मला आनंदच होईल. पण संगीताला इथंच राहायचंय. जिला इथंच राहायचंय तिच्या हातात हे असू दे." मला राग आला होता. तो कधी गेला ते कळलं नाही. मी पुण्याला गेलो नाही एवढं खरं. कारण विचारलं तर मी खारीचं नाव सांगतो.

पद सोडल्यानंतरच्या पहिल्या बैठकीत बाई सवयीनं सतरंजीची घडी घालायला वाकल्या. संगीतानं टोक त्यांच्या हातातून काढून घेतलं. "बाई, आता हे माजं काम हाय." बाई बाजूला झाल्या आणि हात कुठं ठेवावेत हे न कळल्यासारख्या उभ्या राहिल्या.

आणि मग ती पहिली ग्रामसभा आली. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. गाव चांगलं आहे आणि माणसं मला रोज भेटतात. पाळणाघर गावच्या समाजमंदिरात भरायचं. सरपंचांना तिथं तरुण पोरांसाठी व्यायामशाळा करायची होती. संगीता बोलायला उभी राहिली. दोन वाक्यं बोलली, तिसऱ्याला अडखळली. सरपंच मुरलेले. ते गोड आवाजात म्हणाले, "संगीताबाई, बसा तुमी. मोठ्या बाई आल्यात की. त्यांना बोलू द्या."

अख्खी सभा मागं वळली. बाई शेवटच्या रांगेत होत्या. त्यांचे डोळे मिटलेले.

"बाई," संगीतानं हाक मारली. मग जरा मोठ्यानं, "बाई!"

बाईंनी डोळे उघडले नाहीत. कोणीतरी फिसकन हसलं. संगीता पदर सावरत खाली बसली, ठराव झाला, आणि पाळणाघराला जागा उरली नाही.

बाहेर आल्यावर संगीता बाईंपुढं उभी राहिली. "तुमी जाग्या हुत्या. एक शबुद बोलल्या असत्या तर लेकरांवर ही पाळी आली नसती."

"हो," बाई म्हणाल्या. एवढंच.

उन्हाळा तोंडावर होता. शेवटी गावाबाहेरची एक रिकामी पोल्ट्री मिळाली. धुतली, चुना मारला, तरी वास जाईना. वर पत्रा. दुपारी आत बसवत नसे. बाई रोज यायच्या, पत्र्यावर टाकलेल्या गोणपाटांवर खालून पाईप धरून पाणी मारायच्या, घामाघूम झालेल्या लेकरांना ओल्या फडक्यानं पुसायच्या. संगीता त्यांच्याशी बोलत नव्हती. दोघी एकाच छपराखाली दिवसभर वावरायच्या, एकीनं पाळणा सोडला की दुसरी झोका द्यायची, आणि मध्ये एक शब्द नाही. मला ते बघवत नसे.

एका शनिवारी मी बाईंना सोडायला नगरपर्यंत एसटीत बसलो. खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "मोरे, मी चुकले का?"

मी हातातल्या तिकिटाची घडी घालत बसलो.

"जन्मभर हीच एक गोष्ट धरून चालले. आपण मागं सरकायचं, म्हणजे माणूस पुढं येतं. आणि ती गोष्टच चुकीची असेल तर? माझं म्हणणं खरं ठरावं म्हणून लेकरांनी पत्र्याखाली भाजायचं?"

"बाई, अजून वेळ गेलेली नाही. तुम्ही सरपंचांना एक फोन केलात तर ते ऐकतील."

"ऐकतील ना. जागा उद्याच मिळेल." त्यांनी डबीतून लवंग काढली, पण तोंडात टाकली नाही. "पण मग संगीता पुन्हा कधी उभी राहणार नाही. आणि मी काय कायमची आहे का?"

नगर येईपर्यंत त्या ती लवंग बोटांत फिरवत राहिल्या. इतक्या एकट्या दिसणाऱ्या बाई मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या. फोन त्यांनी केला नाही.

पावसाळ्यात पोल्ट्री गळायला लागली. त्याच सुमारास संगीता संध्याकाळची घरोघर जायला लागली. आधी नातवंडं सांभाळून कंटाळलेल्या सासवांकडे, मग व्यायामशाळेतल्या पोरांच्या आयांकडे, मग खुद्द त्या पोरांकडे. कोणी सांगितलं नव्हतं. दिवाळी झाली, आणि एका सकाळी तिनं चहाचा कप बाईंपुढं ठेवला.

"ग्रामसभा हाय. येताल का?"

"येईन. पण मागं बसेन."

"मागंच बसा," संगीता म्हणाली. "आन् झोपा."

बाईंच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी हसू आलेलं मी पाहिलं.

त्या ग्रामसभेनंतर बाई श्रीरामपूरला गेल्या त्या राहायलाच. पुढच्या उन्हाळ्यात आजारी पडल्या. दवाखान्यात भेटायला कोणाला येऊ द्यायचं नाही असं घरच्यांना बजावून ठेवलं होतं. कामाचा खाडा करून कोणी आलेलं त्यांना कधीच खपलं नाही. आम्ही गेलो ते माती द्यायलाच. म्हणून माझ्यापुरत्या बाई शेवटच्या दिसल्या त्या ग्रामसभेत.

पंचायतीपुढच्या लिंबाखाली सभा भरली होती. पुढं बायका, इतक्या की पुरुषांना कडेनं उभं राहावं लागलं. विषय निघाला तसे सरपंच म्हणाले, "संस्थेच्या वतीनं कोन बोलनार?"

मला वाटलं, आता माना मागं वळणार. पण एकही मान वळली नाही. संगीता उभी राहिली.

"सरपंच, व्यायामशाळा नगं असं आमी म्हनत न्हाई. ती पोरं बी आमचीच हायत. पर ती येत्यात सांच्याला. दिवसभर कुलूपच असतंय. आमची लेकरं येनार सकाळी, जानार दुपारी. सकाळी बी पोरं, सांच्याला बी पोरं. नुसतं माप येगळं!"

हशा पिकला. व्यायामशाळेतला एक धिप्पाड गडी ओरडला, "चालंल आमाला!"

"आन् एक," संगीता म्हणाली, तिलाही हसू येत होतं, पण यावेळी तिनं पदर तोंडात घातला नाही. "तुमच्या सूनबाई बी कंपनीत जात्यात. तुमचा नातू कवापासनं आमच्या पोल्ट्रीत हाय. त्यो खोकतोय लई. घरी गेल्यावर जरा बघा."

सरपंचांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. मग ग्रामसेवकाकडं वळून म्हणाले, "हात वर करायला सांगा." आणि हात वर व्हायला लागले: बायकांचे, म्हाताऱ्यांचे, कडेला उभ्या असलेल्या पोरांचे.

मी त्या गावचा मतदार नाही. माझे हात रिकामे होते, आणि सवय वाईट. मी मागं वळून पाहिलं.

बाई शेवटच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. डोळे टक्क उघडे. त्यांच्याकडे कोणीच बघत नव्हतं, तेव्हा ते मिटायचं काही कारणच नव्हतं. त्या संगीताकडं बघत होत्या, भरून आल्या होत्या, हसतही होत्या. पण आणखीही काही होतं. पोर पहिल्यांदा आपलं आपण चालायला लागतं तेव्हा आई हसते, आणि तिचं सोडलेलं बोट तसंच पुढं राहतं, तसं काहीसं. इतक्या माणसांत एकाला तरी वळून बघावंसं वाटावं, असंही त्यांना त्या घटकेला वाटलं असेल का? मला अजून वाटतं, वाटलं असेल.

मग त्यांना मी दिसलो.

बाईंनी चटकन डोळे मिटले, हनुवटी छातीला टेकवली आणि लवंग एका गालात सरकवली.

मी निमूटपणे पुढं तोंड केलं.